विमानाला लावलेला भाता

माझी लेक विमान बनवते. खरं नाही, कॉम्प्युटरमधलं. दुसऱ्या महायुद्धातलं, नाकावर एकच पंखा असलेलं लढाऊ विमान. ज्यांना विमानाचा नाद आहे पण खरं विमान नशिबात नाही, अशी माणसं जगभर आहेत. ती घरी खुर्चीत बसून ते उडवतात. त्यांना नुसतं दिसायला विमान चालत नाही. बटण दाबलं तर काटा हलला पाहिजे, पत्र्यावरचा रिबीट न् रिबीट जागेवर पाहिजे. हे मला आता कळतं. आधी कोणी विचारलं, लेक काय करते, तर मी सांगायचो, "ऑफिसचं काम हाये." लाज वाटायची. लोहाराची पोरगी, एवढी शिकली, अन् खेळणी बनवते.

मी लोहार. चौथीत शाळा सोडली. लाखनीच्या पुढे, हायवेपासून आत आमचं गाव, घरासमोरच भट्टी. बायको गेली तेव्हापासून ती पेटवली नाही.

लोहारकाम दोघांचं असतं, हे लोक विसरतात. मीपण विसरलो होतो. मी ऐरणीवर, ती भात्यावर. चामड्याचा भाता कधीच गेला, त्या जागी हातानं फिरवायचा लोखंडी पंखा आला, तरी आम्ही त्याला भाताच म्हणतो. मूठ फिरवली की आतलं चाक फिरतं आणि भट्टीत वारा जातो. ते काम बाईचं. लग्न झाल्यापासून मी त्या मुठीला हात लावला नव्हता. आमच्यात पुरुष लावत नाही. नुसती मूठ फिरवायला काय लागतं, असंच मला वाटायचं.

आता याचा विमानाशी काय संबंध, ते सांगतो. त्या काळच्या काही विमानांचं इंजिन चालू करायला बाहेरून मूठ लावून एक जड चाक फिरवावं लागायचं. खाली उभा असलेला माणूस फिरवतो, चाकाचा आवाज हळूहळू चढत जातो, पुरता चढला की वर बसलेला पायलट दांडी ओढतो, आणि चाकाच्या जोरावर इंजिन पकडतं. लेकीला आणि तिच्या सोबत्यांना तो आवाज पाहिजे होता. मनासारखा कुठे मिळेना. धान कापायच्या दिवसांत ती घरी आली, मायला भाता फिरवताना ऐकलं अन् म्हणाली, "हाच!" ऐरणीजवळ मोबाईल ठेवून तिनं आवाज भरून घेतला. मी लक्ष दिलं नाही. धार लावायला आलेल्या इळ्यांचा ढीग पडला होता, गिऱ्हाईक दारात बसलं होतं. बायकोला तेव्हाच दम लागत होता. पुढे फार दिवस ती राहिली नाही. लेक माझ्यासाठी गावातच राहिली, आतल्या खोलीत तिनं आपलं काम मांडलं.

या उन्हाळ्यात एका दुपारी जेवून पडलो होतो. भाता फिरायला लागला. मी उठलो आणि सरळ भट्टीकडे गेलो. डोकं जागेवर नव्हतंच म्हणा. भात्यावर टाकलेलं पोतं तसंच होतं. आवाज घरातून येत होता.

आत लेक कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावर हिरवं विमान, त्याच्या पोटाशी एक माणूस मूठ फिरवतो आहे. चाक चढत चाललं, मध्येच ढिलं पडलं, आणि त्यातून कोणी तरी ओरडलं:

"ए म्हातारे, झोपली का? लोखंड थंडं होऊन राहिलं! फिरवता येत नाही तं बसली कायले इथं?"

तो मी होतो. त्या ओरडण्याखालीच बांगड्या वाजल्या, आणि बायको म्हणाली, "फिरवून राहिली ना जी. दम तं घेऊ द्या." मग तिचा लांब श्वास. मग चाक पुन्हा चढत गेलं, अन् विमान धडधडलं.

मी दाराला धरून उभा राहिलो. "हे कोणाकोणानं ऐकलं?"

"जे विमान तपासून देतात त्याईनं. बाहेरदेशातले लोक हायेत. त्याईले भाषा समजत नाही, पण लय आवडलं. म्हणतात, खरंच मैदानावर मिस्त्री एकमेकावर ओरडून राहिले असं वाटते. तो माणूस काय म्हणते, असं विचारून राहिले."

"तू काय सांगितलं?"

"काही नाही अजून."

"काट ते."

लेक माझ्याकडे वळली. "काटलं तं मायबी जाते, बाबा. तुमचा आवाज तिच्या आवाजावर चढला हाये. दोन्ही वेगळे होत नाहीत."

"जाऊ दे. काट."

हे मी म्हणालो. तिचा आवाज दुसरा कुठेच नाही. आम्ही कोण आवाज भरून ठेवणारे? तेवढा एक होता, तोही चुकून. आणि कधी न पाहिलेल्या माणसांपुढे माझी इज्जत राहावी म्हणून मी तो पुसायला सांगितला. भट्टीजवळ ओरडलो ते कामाच्या भरात. हे मात्र घरात, गार जागी उभं राहून, समजून सांगितलं.

लेक एवढंच म्हणाली, "मंग दुसरा आवाज लागन. भाता कोण फिरवते?"

"मी फिरवतो. त्यात काय हाये?"

सकाळी पोतं काढलं. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. ती कधी गुंडाळली, कायला गुंडाळली, मी कधी विचारलं नव्हतं. लेकीनं ऐरणीजवळ मोबाईल ठेवला. मी जोर लावला. चाक किंचाळलं आणि लगेच पडलं.

"बाबा, असं हापसू नका. हापशी नाही ते. माय कशी खालून उचलत उचलत नेये."

परत लावला. आता मध्येच धक्का बसला. रस्त्यानं शेजारचा शेतकरी चालला होता, तो थांबला.

"काय मिस्त्री, भट्टीत इंगळ नाही अन् भाता फिरवून राहिले? उन्हाळा कमी पडला का तुमाले?"

"इमान उडवून राहिलो," मी चिडून म्हणालो.

"उडवा, उडवा. मले साकोलीवरी सोडून द्या जी, आज बस नाही आली."

तो हसत गेला. मी पुन्हा मूठ धरली. घण मारून माझे खांदे दगडासारखे झालेत, पण तो जोर इथे उपयोगाचा नव्हता. मूठ हलकी सुरू करायची, दर फेऱ्याला थोडी वाढवायची, कुठेच झटका नाही. हे करता करता बायको भट्टीतला जाळ बघायची, माझ्या लोखंडाचा रंग बघायची, गिऱ्हाइकाला पाणी पाजा म्हणून घरात हाकही द्यायची. माझ्या छातीत भाता सुरू झाला. मी मूठ सोडून ऐरणीच्या ओंडक्यावर बसलो.

"थांब, दम घेऊ दे," मी म्हणालो.

बोललो आणि ऐकलं. लेकीनंही ऐकलं. ती मोबाईलकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही.

ऊन भट्टीपर्यंत आलं तेव्हा मी म्हणालो, "जुनंच राहू दे."

"अन् ते लोक विचारतात, त्याईले काय सांगू?"

"जसं हाये तसं लिव. मी काय म्हणलो ते लिव. अन् ते बाईचा आवाज हाये, बाई काय म्हणते, तेबी लिव."

ते तिनं लिहिलं. त्यांनी काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही. तिकडे कोणी घरात बसून ते विमान चालू करत असेल, तेव्हा दर वेळी मी माझ्या आजारी बायकोवर ओरडतो. हे आता असंच राहणार. इकडे गावात भाकर खाताना मध्येच आठवतं.

त्याच दिवशी संध्याकाळी लेकीनं मला खुर्चीत बसवलं. दांडी ओढायची कळ दाखवली. "आवाज पुरता चढला की ओढा."

चाक चढायला लागलं. माझा आवाज आला तशी मी घाईनं कळ दाबली. विमानाचा पंखा अर्धा फिरला आणि थांबला.

"लय लवकर ओढली," लेक म्हणाली. "अजून चढलं नव्हतं."

पुन्हा सुरुवातीपासून. चाक चढलं, ढिलं पडलं. मी ओरडलो. बांगड्या वाजल्या. माझं बोट कळीवर होतं, लेकीनं ते धरून ठेवलं. "आता नाही. थांबा."

बायकोनं श्वास घेतला. मी थांबलो. तिनं मूठ पुन्हा उचलली, फेऱ्यामागून फेरा नेली, पार वरपर्यंत, आणि लेकीनं माझं बोट सोडलं.

इंजिन पकडलं.