खरं गाव सांगा

कुमुदताई पेशंटचे रिपोर्ट टेबलावर पालथे ठेवायच्या. "ते कुठं पळून जात नाहीत," म्हणायच्या, "आधी तुम्ही बोला." कोलकात्यात बालीगंजमधल्या त्यांच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझं डोकंच फिरलं. लग्नाला सात वर्षं होऊन मूल नाही, त्यात ओटीपोटात मोसंबीएवढी गाठ. आधीच्या डॉक्टरांनी सुईने पाणी काढायची तारीख दिलेली, वेळ आली तर अंडाशयही काढावं लागेल म्हणालेले. आणि या बाईंना गप्पा सुचतायत.

"गाव कुठलं?"

"पुणं," मी म्हणाले.

गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहणारे आम्ही मराठी लोक सगळे पुण्याचेच. खऱ्या गावाचं नाव इथे कुणी बापजन्मी ऐकलेलं नसतं, मग कोण समजावत बसणार?

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मीही दहा वर्षं पुण्याचीच होते. आहे साताऱ्याजवळच्या एका वाडीची. खरं गाव सांगा."

मग सांगितलं. माणदेशातलं बोरमाळ. दारात मेंढरं आणि खंड्या नावाचा कुत्रा. त्याच्या गळ्यात पडून मी भाकरी खायचे. मेंढरू कापलं की आतडी-काळीज खंड्यापुढे पडायचं. ताईंचं पेन थांबलं. त्यांनी रिपोर्ट सुलटा केला आणि बराच वेळ पाहिला.

"ही जंताची गाठ असावी. मेंढराच्या कच्च्या आतडी-काळजातून कुत्र्याला जंत होतात. त्यांची अंडी लहानपणी हाताला लागून तुमच्या पोटात गेली असतील. गाठ हळूहळू, वर्षानुवर्षं वाढते. हिला सुई लावायची नाही. आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतेल, आणि वाचलात तरी नव्या गाठी होतील."

"आणि मूल?"

"अंडाशय वाचवायचा प्रयत्न करीन. वचन देत नाही." हा रोखठोकपणा तेव्हा मला फार लागला.

रक्ततपासणीत त्यांचा संशय खरा निघाला. यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ होती, गाठ एवढी एकच. आधी जंताच्या गोळ्या, मग ऑपरेशन. भोवती जंत मारणाऱ्या मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी लावून त्यांनी गाठ न फोडता अख्खी बाहेर काढली. मी शुद्धीवर आले तेव्हा त्या उशाशी होत्या. "दोन्ही अंडाशयं जागेवर आहेत," एवढंच म्हणाल्या. मी हमसून हमसून रडले. "रडा, पण टाक्यांवर हात ठेवून," म्हणाल्या. पुढे गोळ्या संपेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत, अशी सक्त ताकीदही दिली.

आमची रेवा आता पाच वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिने कुत्र्याच्या पिल्लासाठी हट्ट धरला आणि मी आधी ताईंना फोन लावला. ताईंनी दवाखाना बंद केलाय, पण फोन उचलतात.

"आणा की," त्या म्हणाल्या. "त्याला जंताचं औषध वेळेवर द्या, कच्चं मांस घालू नका, पोरीला हात धुवायला लावा. खंड्याचा बिचाऱ्याचा काय दोष होता?"

पिल्लू आलं. परवा खाली फिरवताना शेजारच्या बंगाली मावशींनी विचारलं, तुमचं गाव कुठलं. मी तोंड उघडायच्या आत रेवा म्हणाली, "बोरमाळ." आणि हात धुवायला घरात पळाली.