लेबल मीच चिकटवलं

नारपोलीतल्या आमच्या चाळीत घरोघर बायका लेबलं चिकटवायच्या. नवरा लूमवर शिफ्टला गेला की मीही खळ शिजवून बसायचे. कशेळीच्या गोदामातून टेम्पो यायचा आणि गोळ्यांनी भरलेल्या, बिनलेबलाच्या बाटल्या उतरवून जायचा. ‘सांधेदुखीवर शंभर टक्के जडीबुटी, अपाय नाही.’ हे वाक्य मी किती वेळा बोटांनी दाबून बसवलं असेल, देव जाणे.

आई अंबाडीकडे गावात एकटी राहायची. गुडघ्यांनी तिला जेरीस आणलं होतं. मग काय, घरचं औषध असताना बाहेरचं कशाला? टेम्पोवाल्याकडून बाटल्या मागून घेतल्या आणि तिला नेऊन दिल्या. दुकानातल्या बाटलीवर एक वेळ शंका घेतली असती, पण ह्यांना तर मीच माझ्या हाताने लेबल लावलं होतं!

आठवड्यात आई भाताच्या लावणीला उभी राहिली. मी बाटल्या पोचवत राहिले आणि वर्षभरात तिचा चेहरा गोल गरगरीत झाला. “पोरीचं औषध लागू पडलं, म्हातारी भरली,” असं गाव म्हणायचं आणि मी मिरवायचे. सूज होती हो ती! आम्हाला आपलं अंग भरलं म्हणजे तब्येत सुधारली, एवढंच ठाऊक.

एका दुपारी सरकारच्या औषध खात्याची जीप आली. गोदामाला सील, पंचनामा, फोटो. माझ्या घरातली लेबलंसुद्धा पोत्यात कोंबून नेली. अख्ख्या चाळीत तेव्हा एकच मोबाइल होता, पण गोदामाच्या शेठच्या मोबाइलवर म्हणे आदल्या दिवशीच खबर गेलेली. तो पसार. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी साहेबाला विचारलं, यात होतं तरी काय? “स्टेरॉइड. विष आहे बाई, विष,” म्हणाला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

माझं डोकंच फिरलं. तशीच अंबाडीची एसटी धरली आणि आईच्या देखत सगळ्या बाटल्या चुलीत रित्या केल्या. ती हात जोडत होती. “अगं, एक तरी ठेव. त्याच्याबिगर माझ्यानं उठवत न्हाय.”

“गप बस, विष हाय ते!” मी तिच्यावर ओरडले.

चौथ्या दिवशी तिला उठताच येईना. उलट्या, अंग गार. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर माझ्यावरच खेकसला, “गोळ्या एकदम बंद कुणी केल्या? शरीराला त्यांची सवय लागते, हळूहळू सोडवायच्या असतात!” मला कुणी सांगितलं होतं? जीपभरून आलेल्या त्या शिकलेल्या माणसांना हे माहीत नव्हतं? गोदामाच्या दारावर एवढा मोठा कागद डकवलात, त्यावर ही एक ओळ लिहायला काय हात मोडले होते तुमचे? रात्र उलटायच्या आत आई गेली.

पुढे मला जबाबाला बोलावलं. त्याच साहेबाने लेबल पुढे सरकवलं. “हे तुम्हीच चिकटवलंत?”

“हो, मीच. आणि आईच्या गोळ्या चुलीत घातल्या त्याही मीच. तेही लिहा.”

त्याने पेन खाली ठेवलं. “ते ह्या केसमध्ये येत नाही, बाई.”