फिदेलियाच्या हातावरची दोन घड्याळं

फिदेलिया कांचेच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची. उजव्या हातावर बेटाची वेळ, डाव्या हातावर जहाजाची. उन्हाळ्यात फ्लोरिडाहून येणारी जहाजं आपली वेळ सोबत घेऊनच येतात, आणि ती आमच्या कोसुमेल बेटाच्या वेळेपेक्षा तासभर पुढे असते. आमच्याकडे एक वाजतो तेव्हा जहाजावर दोन वाजलेले असतात. धक्क्यावर उतरलेल्या माणसाला मग कळेनासं होतं, की आपण नेमके किती वाजता उभे आहोत. असे गोंधळलेले लोक मला आवडतात, कारण ते टोप्या घेतात.

टोप्यांचं दुकान माझं. दुकान म्हणजे चार बांबू आणि वर ताडपत्री, पण मी दुकानच म्हणते. ज्याला हसायचं त्यानं हसावं. शेजारी बदामाच्या झाडाखाली फिदेलियाचं टेबल. टेबलावर डॉल्फिनचा रंग उडालेला फोटो, आणि मागे फिदेलिया, स्वच्छ पांढऱ्या ब्लाउजात, केस तेल लावून घट्ट बांधलेले. जहाजातून उतरलेली कुटुंबं तिच्यापाशी थांबायची आणि ती त्यांना किनाऱ्यावरच्या डॉल्फिन पार्कात जागा मिळवून द्यायची. तिच्याइतक्या जागा अख्ख्या धक्क्यावर कुणी विकल्या नाहीत. मला तिचा राग यायचा, कारण मी इतकी ओरडून टोप्या विकते आणि ती आवाजसुद्धा चढवायची नाही.

ती आईबापांशी बोलायचीच नाही. पोरांपुढे वाकायची.

"माझ्या राजा, घाबरतोस?"

पोरगं मान हलवायचं.

"घाबर की. तोही घाबरतो. पाण्यात गेलास की हात पसरून नुसता उभा राहा. ओढायला जायचं नाही. तो आपणहून येतो."

मुलगी असली तर "माझ्या राणी". मग शेवटी आईबापांकडे वळून एकच वाक्य, "परत येताना जहाजाच्या घड्याळानं चाला हं." तिच्याकडून गेलेल्या एकाही कुटुंबाचं जहाज कधी चुकलं नाही.

दुपारी कुटुंबं पार्कात गेलेली असायची आणि गाव जाळीच्या झोळ्यांत आडवं झालेलं असायचं. समुद्र तेव्हा इतका स्थिर असतो की जहाज पाण्यावर आहे की हवेत, सांगता येत नाही. फिदेलिया डोळे अर्धे मिटून बसायची. एकदा मला म्हणाली, "हा मधला तास कुणाच्याच मालकीचा नाही बघ, नेयदी. जहाजावर तो होऊन गेलाय, आणि आपल्याकडे अजून यायचाय."

"तुझ्या डोक्यात ऊन गेलंय," मी म्हणाले. पण नंतर मीही तशीच बसून राहिले. त्या तासात टोप्यांच्या सावल्या वाळूवर माशांसारख्या हलत होत्या आणि मला माझा मेलेला नवरा आठवत होता, तोही चांगल्या मूडमध्ये.

तिची पोरगी यामिली. आमच्या डोळ्यांदेखत याच टेबलाखाली वाढली. शाळा सुटली की इथेच, खाली बसून बदाम फोडायची आणि आईचे शब्द ऐकायची. लहानपणी तिनं एकच हट्ट धरला होता, "मलाही डॉल्फिनबरोबर पाण्यात जायचंय." फिदेलिया म्हणायची, "ते जहाजाच्या लोकांसाठी असतं." हे उत्तर इतक्या वेळा दिलं की पोरगी एक दिवस खरंच जहाजाची व्हायला निघाली. मोठ्या जहाजावर खोल्या आवरायचं काम मिळालं. दोघींचं असं भांडण झालं की मी माझं गिऱ्हाईक सोडून ऐकत उभी राहिले.

"जा! एकदा त्या जहाजावर चढलीस की परकी होशील. आपलं काही उरणार नाही तुझ्यात."

"तुझं तरी काय आहे माझ्यात? सगळं त्या पोरांना वाटून टाकलंस!" यामिली म्हणाली, आणि गेली.

तिचं जहाज दुसऱ्याच समुद्रात फिरायचं. फोन यायचा, दोघी जेवणाखाणाचं बोलायच्या, हवेचं बोलायच्या आणि ठेवून द्यायच्या. मात्र त्या दिवसापासून फिदेलियानं डाव्या हातावरच्या घड्याळाला धक्क्यावरच्या जहाजांची वेळ लावणं सोडलं. यामिलीचं जहाज जिथे असेल तिथली वेळ लावायची. धक्क्यावरच्या जहाजाची वेळ मग बोटांवर मोजायची. मी चिडवायचे, "अगं, तुझ्या डाव्या हातावर रात्र झालीय की!" ती म्हणायची, "झोपली असेल." एवढंच.

आणि मग त्या उन्हाळ्यात यामिलीच्या जहाजाचा मार्ग बदलला. ते एकदाच, फक्त एकदाच, कोसुमेलला लागणार होतं. आदल्या दिवशी तिचा निरोप आला. फिदेलियानं फोन माझ्या नाकापुढे धरला. "आई, उद्या दोन वाजता उतरते. तासभर सुट्टी आहे. धक्क्यावरच थांब."

मी म्हणाले, "कुठले दोन? विचार ना तिला."

"मी विचारू? अख्ख्या दुनियेला वेळ सांगणारी मी, आणि पोरीला विचारू कुठले दोन?" तिनं फोन पिशवीत टाकला. "जहाजावर राहते. तिचे दोन म्हणजे जहाजाचे दोन. म्हणजे आपला एक. ती आता आपल्या घड्याळानं चालत नाही, नेयदी."

हे बोलताना तिचा चेहरा कोरडा होता, पण मी तिला ओळखते. परकी होशील म्हणाली होती ना, आता स्वतःचंच बोलणं खरं मानून बसली होती.

तरी दुसऱ्या दिवशी ती आली ती सणाला आल्यासारखी. भरतकामाचा झगा, कानात सोन्याच्या कड्या. पिशवीत फडक्यात बांधलेले पानुचो, म्हणजे घेवडा भरून तळलेल्या मक्याच्या पोळ्या. वास माझ्यापर्यंत येत होता. आणि मला हळूच म्हणाली, "पार्कातल्या रुसेलला सांगून ठेवलंय. आज दुपारच्या कुठल्याही खेपेला दोन जागा माझ्या."

"दोन?"

"एक तिची. एक माझी."

"तुला पोहता तरी येतं का गं?"

"कमरेइतकंच पाणी असतं. सगळ्यांना मीच सांगते ना!" आणि ती लाजली. इतकी वर्षं शेजारी बसून मी तिला लाजताना पाहिलं नव्हतं.

जहाज तर सकाळपासूनच समोर उभं होतं, पांढरं, खिडक्याच खिडक्या. बेटाचा एक वाजला. फिदेलिया उभी राहिली. धक्क्याच्या फाटकातून माणसं बाहेर येत होती, आत जात होती. प्रत्येक काळ्या केसांच्या पोरीला पाहून ती टाचा उंचावायची. फोन लावला, लागेना. जहाजाच्या पोटात फोन लागत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. मधला तास हळूहळू सरकत होता. पाणी आधी हिरवं होतं, मग निळं झालं, मग त्याला रंगच राहिला नाही. मी तिला बस म्हणाले, बसली नाही. मी चहाचं विचारलं, ऐकू आलं नाही. त्या तासात मी एकही टोपी विकली नाही, विकावीशी वाटली नाही. मला त्या पोरीचा असा संताप आला होता, की समोर असती तर एक ठेवूनच दिली असती.

दोन वाजत आले. फिदेलियानं डाव्या हाताकडे पाहिलं. "तीन झाले तिकडे. तासभरच होता. संपला."

तेवढ्यात एक कुटुंब घाईघाईनं आलं. आई, बाप, दोन पोरं. शेवटच्या खेपेत आईबापांना जागा मिळाली होती, पोरांना नव्हती. धाकटी रडून रडून लाल झाली होती. फिदेलिया तिच्याकडे पाहत राहिली. मग वाकली.

"रडू नको, माझ्या राणी. दोन जागा आहेत. माझ्याच आहेत."

"अगं, काय करतेस?" मी म्हणाले.

"इथे बसून काय करू?" पानुचोंची पिशवी तिनं माझ्या टोप्यांवर ठेवली. "तू खा." आणि त्या कुटुंबाबरोबर टॅक्सीत बसून गेली.

टॅक्सी वळणापाशी दिसेनाशी होते न होते तोच फाटकातून यामिली आली. जहाजाचा गणवेश, केस कापलेले, गालांची हाडं वर आलेली. ती धावत टेबलापाशी आली, आणि रिकामं टेबल पाहून थांबली.

"नेयदीमावशी, आई कुठे?"

"आत्ता येतेस? तासभर उन्हात उभी होती ती! बुबुळं बाहेर यायची वेळ आली तिची!"

"पण मी दोन वाजता म्हणाले होते." तिनं मनगट पुढे केलं. "आत्ता दोनच तर वाजतायत."

मी तिचं घड्याळ पाहिलं. साधं, पट्टा झिजलेलं, आणि त्यात आमच्या बेटाचे दोन वाजले होते.

"हे इथे आल्यावर लावलंस?"

"नाही, कायमच असं असतं. जहाजावर काय, भिंतीभिंतीला घड्याळं आहेत. हातावर आपलं ठेवलंय." आणि मग हळू आवाजात, "आई आत्ता टेबल आवरत असेल, आत्ता झोळीत पडली असेल, असं कळतं."

दोघी मेल्या एकमेकींची वेळ हातावर बांधून बसल्या होत्या. जो तास होऊन गेला म्हणून फिदेलिया उठून गेली, तो अजून यायचाच होता. मी दुकान तसंच उघडं टाकलं, जे मी चक्रीवादळातसुद्धा केलं नव्हतं, पानुचोंची पिशवी उचलली आणि यामिलीला ढकलत टॅक्सीत घातलं.

पार्कात फिदेलिया कठड्याला टेकून उभी होती. खाली पाण्यात ती लाल झालेली पोरगी हात पसरून उभी होती. डॉल्फिन आला, तिच्या पोटाला नाक लावून गेला, आणि ती अशी किंचाळली की झाडावरचे पक्षी उडाले. फिदेलिया हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"आई."

फिदेलिया वळली. मग म्हणाली, "कुठले दोन म्हणाली होतीस?"

"आपले."

रुसेलनं नाही म्हणून मान हलवली. ही शेवटची खेप, आता जागा नाही. मी त्याला दोन शिव्या दिल्या, पण त्याचा काय दोष. मायलेकी बाहेर समुद्राच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसल्या. मी जरा लांब बसले. लांब म्हणजे ऐकू येईल इतकं लांब.

पोरगी पानुचो असे खात होती, जणू जहाजावर उपाशी ठेवतात. बोटं चाटत म्हणाली, "आम्ही खोल्यांत टॉवेलांचे प्राणी करून ठेवतो. हत्ती, बदक, माकड. मला सगळे येतात."

"डॉल्फिन?"

"त्याची शेपटी पडते."

दोघी हसल्या. पाण्याखाली त्यांचे पाय पांढुरके दिसत होते आणि हलताना एकमेकांत मिसळत होते, कुणाचे कुठले कळत नव्हतं. वेळ थांबला होता असं मी म्हणणार नाही. पण मीही तिथे होते, आणि मला तो चालताना दिसला नाही.

"तुझ्यासाठी जागा ठेवली होती," फिदेलिया म्हणाली. "ती पण गेली. लहानपणी नेलं असतं तर बरं झालं असतं."

"आई, मला डॉल्फिन कधी नकोच होता."

"मग जीव का खाल्लास माझा?"

यामिली पाण्याकडे बघत म्हणाली, "तू त्या पोरांपुढे वाकायचीस ना. माझ्या राजा, माझ्या राणी करायचीस. मी टेबलाखाली बसून ऐकायचे. मला वाटायचं, डॉल्फिनला जाणाऱ्या पोरांनाच तसं म्हणतात. म्हणून मला जायचं होतं."

फिदेलियाचा हात पोरीच्या कापलेल्या केसांवर गेला आणि तिथेच राहिला.

मग धंद्याची सवय जागी झाली. तिनं डाव्या मनगटाकडे पाहिलं आणि ताडकन उठली. "चल. जहाजाच्या घड्याळानं चाल." टॅक्सीत तिनं पोरीचा हात सोडला नाही, आणि ड्रायव्हरला असं हाकत राहिली की तो बिचारा देवाचं नाव घेत होता.

धक्क्याच्या फाटकापाशी गर्दी होती, सगळेच परत चढत होते. पहारेकरी घाई करत होता. यामिलीनं आईच्या गालाला गाल लावला, मला डोळा मारला आणि आत गेली. तिचा गणवेश इतर गणवेशांत मिसळायला लागला. फिदेलिया कठड्याला धरून उभी होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तो तिनं कधी चढवलाच नव्हता ना. मी तिच्या बरगडीत कोपर मारलं.

"बोल की गं बये! आता कधी बोलणार?"

आणि फिदेलिया ओरडली. माझ्यापेक्षा मोठ्यानं.

"माझ्या राणी!"

धक्क्यावरच्या निम्म्या पोरी वळल्या. सकाळी ज्यांच्यापुढे ती वाकली होती त्या सगळ्या, ओल्या केसांच्या, हातात फुगे घेतलेल्या. ती लाल झालेलीसुद्धा बापाच्या खांद्यावरून हात हलवायला लागली. पण गर्दी कापत पळत परत आली ती एकच.

पहारेकरी शिट्टी वाजवत होता. यामिली आईच्या गळ्यात पडली तेव्हा फिदेलियानं डोळे मिटून घेतले. तिची दोन्ही मनगटं पोरीच्या पाठीमागे गेली होती, आणि तिथून दोघींपैकी कुणालाही एकही घड्याळ दिसत नव्हतं.