गैरहजर पणजा

मोबाईल अजून सगळ्यांच्या खिशात आले नव्हते तेव्हाची गोष्ट. राजारामपुरीतल्या एका निवृत्त सरांनी पूर्वज शोधायची सहल काढली. पुण्याच्या दप्तरखान्यात जुने मोडी कागद सर वाचून दाखवणार, जेवण ज्याचं त्यानं आणायचं. गाडीत माझ्या शेजारी राधानगरीकडचा एक माणूस बसला होता. टोपी मांडीवर ठेवून तो तिच्याशीच बोलल्यासारखं बोलायचा.

"चार पिढ्या झाल्या, तरी गाव आमास्नी पावणंच म्हणतंय. आता कागदच दावतो."

माझं कुणी सापडलं नाही. त्याचा पणजा सापडला. चावडीवर बोलावलेल्या गावकऱ्यांच्या यादीत सरांनी त्याचं नाव वाचलं आणि पुढचा शब्द चाचरत वाचला, "गैरहजर."

मला वाईट वाटलं. त्यानं मात्र टोपी डोक्यावर चढवली.

"गैरहजर म्हंजे गावचाच की! पावण्याची गैरहजेरी कोण लावतंय व्हय?"



निघताना सर गाडीच्या दारात यादीत डोकं घालून हजेरी घेऊ लागले. त्याचं नाव तीनदा पुकारलं. तो माझ्या शेजारी ताठ बसलेला, तोंड घट्ट मिटून. सरांनी गैरहजर लिहिलं, तसा तो माझ्या कानात म्हणाला, "झालो की तुमच्यातला."

पुढचं नाव माझं होतं. मीही गप्प बसलो.

गाडी पाऊण तास हलली नाही. सर आम्हाला शोधायला परत दप्तरखान्यात गेले आणि आम्ही दोघं खिडकीतून आमचीच वाट बघत बसलो.