नानांनी उलटा केलेला पसंतीक्रम

एमबीबीएस झालं म्हणजे मुलगी डॉक्टर झाली, असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही. पेढे वाटून होतायत तोवर "आता पुढं कशात?" सुरू. आई म्हणायची, बायांचं कर. माझे वडील, आप्पा, मेंढरं घेऊन गेवराईकडं गोदाकाठाला गेलेले, ते फोनवर म्हणायचे, तुला जमंल ते कर. आणि नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, त्यांना मी चामडीची डॉक्टर व्हायला हवी होते. परळीला एका चामडीच्या डॉक्टरच्या दारात त्यांनी जत्रेसारखी गर्दी पाहिलेली.

मला भूलशास्त्र करायचं होतं. हे ऐकल्यावर नानांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी दवाखान्याच्या दारात चहाची टपरी टाकते म्हणाले.

"अगं, भूल देनारा काय डॉक्टर आसतोय का? पेशंट झोपंत आसतंय. उठल्यावर तुला वळखनार कोन?"

आता बोला! सहा वर्षं घासून शिकले आणि आमच्या घरी डॉक्टर कोण, तर जो जागेपणी दिसतो तो.

मला भूलशास्त्र का हवं होतं, तेही सांगते. तेव्हा मी बाँडची, म्हणजे सरकारी कॉलेजात शिकल्याबद्दलची सक्तीची नोकरी करत होते, धर्मापुरीच्या पलीकडं एका आरोग्य केंद्रात. एक बाळंतीण अडली. पोट उघडल्याशिवाय सुटणार नव्हती. मी मोठ्या दवाखान्यात फोन केला. सर्जन हाय, थेटर हाय, भूलवाले डॉक्टर न्हाईत, पुढं पाठवा. पुढं पाठवली. ती बाई वाचली, बाळ गेलं. आठवड्यानं तिची सासू केंद्रात आली आणि मलाच विचारायला लागली, "कापायला डॉक्टर होता म्हन्त्यात, मंग कावून न्हाई कापलं?" त्या दिवशी ठरवलं, भूलशास्त्रच घ्यायचं आणि जवळच्याच सरकारी कॉलेजात घ्यायचं. तीन वर्षं तिथं शिकता शिकता याच भागातल्या बाया माझ्या हाताखाली येतील आणि नंतर मी इथंच राहीन. दुसरं काही नको होतं.

परीक्षेत नंबर बरा आला. चामडीच्या जागेचं स्वप्न पाहावं इतका बरा नाही, पण जवळच्या कॉलेजातलं भूलशास्त्र हाताला लागेल एवढा होता. मग सुरू झाली ती प्रवेशाची भानगड. परीक्षा परवडली, पण ही भानगड नको. जातवैधता आणा. ती आणली तर नॉन-क्रीमीलेअरची तारीख संपलेली. ते आणायला तहसीलला गेलं तर साहेब मीटिंगला. साहेब आले तर सर्व्हर डाऊन. वेबसाइट उघडली तर मधोमध गोल चक्र फिरत बसायचं, आणि मुदत संपत आली की कुणीतरी ती वाढवायचं, आणि पुन्हा तेच चक्र. एकदा मी त्या चक्राला खरंच शिव्या घातल्या, तर नर्सबाई म्हणाल्या, "मॅडम, बीपी बघू का तुमचं?"

एवढं झाल्यावर खरं काम एकच राहतं, पसंतीक्रम भरायचा. कोणती जागा हवी, ती उतरत्या क्रमानं लिहायची. कॉम्प्युटर वरून वाचत येतो, आणि तुमच्या नंबराला जी पहिली जागा मोकळी सापडेल ती तुमच्या गळ्यात घालतो. तिच्याखालचं काही तो बघतसुद्धा नाही. म्हणून सगळ्यात हवं ते सगळ्यात वर. शेंबड्या पोराला कळेल इतकं सोपं.

शेवटच्या दिवशी आमच्या केंद्रातले दुसरे डॉक्टर रजेवर गेले. मला हलता येईना आणि केंद्रात रेंज नाही. मी सगळा क्रम कागदावर लिहिला. वर जवळचं भूलशास्त्र, मग लांबची भूलशास्त्रं, मग इतर विषय आणि अगदी तळाला, नाइलाज म्हणून, विदर्भातल्या एका कॉलेजातलं न्यायवैद्यक, म्हणजे पोस्टमार्टेमचा विभाग. तो कागद नानांच्या हातात दिला. परळीच्या नेट सेंटरात जायचं, आहे तसं भरायला लावायचं, लॉक करायचं.

"वरून खाली, नाना. काडीचा बदल करायचा नाही."

"व्हय व्हय. मला काय येडं समजली का?"

नानांचा जन्म मेंढ्यांच्या बाजारात गेला. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. आणि घेणाऱ्याचा एक नेम असतो. ज्या मेंढ्यावर डोळा आहे, त्याच्याकडं आधी बघायचंच नाही. पहिल्यांदा लंगड्याला हात लावायचा, मग म्हाताऱ्याचे दात बघायचे, तोंड वाकडं करायचं, आणि जाता जाता, सहज विचारल्यासारखं, "आन् ह्येचं काय?" मनातलं जो आधी बोलला तो बाजारात बुडाला. नाना बुडाले नाहीत. साधी भाकर हवी असली तरी ते आधी "कोरड्यास कशाचं केलंय?" असं विचारतात.

संध्याकाळी मी घरी आले तर नाना ओट्यावर मिशीला पीळ देत बसलेले. म्हणाले, "झालं तुझं काम. लॉक केलं." प्रिंट हातात घेतली. पहिल्या ओळीत विदर्भातलं पोस्टमार्टेम. शेवटच्या ओळीत जवळचं भूलशास्त्र.

"नाना, हे काय केलंत?"

"काय म्हंजी? तू तर मनातलं पैल्याच वळीत लिव्हून ठिवलं होतं! समदा कागद उलटा करून घेतला. आता त्येंला कळनारच न्हाई तुला काय पायजे ते."

"अहो, पण कळायलाच पाहिजे ना! तिथं बाजार नाही, नाना, कॉम्प्युटर आहे!"

"कॉम्प्युटरच्या मागं बी मानूसच बसला आसंल की."

नंतर कळलं, नेट सेंटरवाल्यानं दोनदा टोकलं होतं, की मॅडमनी असं लिहिलेलं नाही. नाना त्याला म्हणाले, "तू दाब बे. सौदा मला शिकवतो का?" आणि त्यानं दाबलं. तो तरी काय करणार? नाना समोर उभे असले की माणूस दाबतोच.

मी ओरडले. अशी ओरडले की अंगणातली कोकरं बुजली आणि आई चुलीपुढून उठून आली. मी नानांना नाही नाही ते बोलले, आणि अजूनही म्हणते, त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मदतीच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, लॉक झालेला पसंतीक्रम उघडत नाही. नाना उपरणं खांद्यावर टाकून बाहेर निघून गेले.

यादी लागली. मला पहिल्या पसंतीची जागा मिळाली होती! वर लिहिलं होतं, अभिनंदन. मी फोन आपटायचा बाकी ठेवला. जवळचं भूलशास्त्र एका मुलीला गेलं. नानांनी एवढंच विचारलं, "ती पोरगी नंबरात तुज्या म्होरं होती का मागं?"

"मागं."

नानांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हंजी मागितलं आसतं तर मिळालं आसतं."

"हो, नाना. नुसतं मागायचं होतं."

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता त्या जवळच्या कॉलेजात गेले. तिथं तरी सरळ बोलावं? छे! ऑफिसात आधी डोळ्यांच्या विभागाची चौकशी केली, मग कानाच्या, मग दातांच्या. भुलीचं विचारायची वेळ येईपर्यंत जेवणाची सुट्टी झाली आणि शिपायानं त्यांना बाहेर काढलं. हे त्यांनीच मला सांगितलं. मला हसावं की रडावं कळेना.

पहिल्या फेरीतली जागा सोडून दुसऱ्या फेरीला बसता येतं, एवढी एक मेहरबानी होती. तेव्हा रजा टाकून मी स्वतः परळीला गेले. नाना सोबत आले, पण सेंटरच्या पायरीवर थांबले. म्हणाले, "मी आत येत न्हाई. तुज्या मनात हाय तसं लिव्ह." जवळची जागा आता उरलीच नव्हती. भूलशास्त्र मिळालं, पण पार विदर्भात. नंतरचा बाँड सरकार देईल त्या गावी.

मला सोडायला नाना परळी स्टेशनवर आले. बाकावर वीजकेंद्राची राख होती, ती त्यांनी उपरण्यानं झटकली. पाणी घेतलं का, डबा घेतला का, तिकडं थंडी लई आसती म्हन्त्यात, डब्यात बाया हायती ना, असं सगळं बोलून झालं. गाडीनं शिटी दिली, मी दारात उभी राहिले, आणि नानांनी खालून माझा हात धरला. वर उपरणं नाही, काही नाही. उघडा हात, आणि आवाज असा की अख्खा डबा वळून बघायला लागला.

"तीन वर्सानं माघारी ये. हितंच ये. हितल्या बायांसाठी ये. मला दुसरं काय बी नगं."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि रागही आला.

"आता म्हणताय होय!" मी ओरडले. "हे त्या दिवशी तिथं नेट सेंटरात म्हणायला काय झालतं, नाना?"