लॉर्ड बॅरोमीटरची सुट्टी

लॉर्ड बॅरोमीटर कुणालाही नुसतं ‘गुड मॉर्निंग’ म्हणत नसे. समोर येईल त्याच्यावर उभ्या उभ्या दोन ओळी रचायच्या आणि गाऊन मोकळं व्हायचं, हाच त्याचा नमस्कार. उम्म अल कुवैनच्या ज्या बीच हॉटेलात मी स्टोअर सांभाळत होतो, तिथे तो पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आला तो घशासाठी आलं-लिंबू मागायला. मी सवयीने म्हटलं, “शेफची सही आण.” त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, खिडकीच्या कठड्यावर बोटांनी ठेका धरला आणि इंग्रजीत गायला लागला. त्याचा अर्थ साधारण असा होता:

“ह्याच्या कमरेला एवढ्या किल्ल्या, चालला की वाजतो बँड,
पण आलं-लिंबू मागितलं तर थरथरतो ह्याचा हँड!”

मागे उभा असलेला सगळा किचन स्टाफ खो-खो हसला. मला राग यायला हवा होता. मी मुकाट्याने आलं काढून दिलं, वर दोन लिंबंही दिली.

तो त्रिनिदादचा. खरं नाव एल्डन. कॅलिप्सो गाणारे तिकडे स्वतःला अशा मोठमोठ्या पदव्या लावून घेतात, हे त्यानेच मला सांगितलं. “आमच्याकडे राजा नाही, हनीफभाई. म्हणून आम्ही आमचे आम्हीच लॉर्ड होतो.” बॅरोमीटर हे नाव का, असं विचारलं तर म्हणाला, “हवा कुठे चालली आहे ते मी सांगतो. हवा बदलणं माझं काम नाही.” उंच, काटकुळा, पन्नाशीच्या आसपासचा माणूस. हॉटेलने त्याला फुलाफुलांचा शर्ट आणि गवती टोपी दिली होती. ती टोपी तो स्टेजवर चढताना घालायचा आणि उतरता उतरता काढायचा, कुणाची तरी उसनी आणल्यासारखी.

कॅलिप्सो म्हणजे काय हे मला त्यानेच समजावलं. “ज्याला पेपर वाचायला वेळ नाही त्याचा पेपर. मंत्र्याने काय केलं, शेजारीण कुणाबरोबर पळाली, पीठ का महागलं, सगळं गाण्यात. कार्निव्हल ही आमची मोठी जत्रा. तिच्या आधी गाण्याच्या स्पर्धेचे तंबू लागतात. प्रत्येकाने त्या वर्षाचं नवं गाणं म्हणायचं. मागच्या वर्षीचं म्हटलंस तर लोक उठून जातात. कॅलिप्सो मासळीसारखं आहे, हनीफभाई. आजचं आजच खपलं पाहिजे.”

आणि इथेच त्याची कोंडी होती. तो आला होता एका सीझनसाठी. कार्निव्हल येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि आमच्या हॉटेलचा सीझनही नेमका तेव्हाच. युरोपातले पाहुणे उन्हासाठी यायचे. मॅनेजर बत्रासाहेब दर वर्षी म्हणायचे, “दुसरा सिंगर मिलने दो, फिर जाओ.” दुसरा सिंगर कधी मिळाला नाही. व्हिसा हॉटेलचा, आणि पासपोर्ट बत्रांच्या केबिनमधल्या तिजोरीत. आमचेही सगळ्यांचे तिथेच असायचे. त्यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटतही नसे.

तिकडे दर वर्षी कार्निव्हल होऊन जायचा आणि इकडे एल्डन पाहुण्यांना तीच समुद्राची, केळीची आणि नारळाची गाणी ऐकवायचा. पण डिसेंबर लागला की त्या वर्षाचं नवं गाणं तो रचायचाच. बहीण फोनवर गावच्या बातम्या सांगायची, त्यावर हा कडवी बांधायचा आणि दुपारी तांदळाच्या गोणीवर बसून मला एकट्याला म्हणून दाखवायचा. मला त्यातली माणसं ठाऊक नव्हती. तरी तो संपल्यावर माझ्या तोंडाकडे बघायचा. मग एप्रिलमध्ये सांगायचा, “खलास. ते गाणं सडलं.” पुन्हा ते त्याच्या तोंडून कधी ऐकू यायचं नाही.

एका शुक्रवारी मी त्याला शारजात अल नहदाच्या आमच्या फ्लॅटवर जेवायला आणलं. नफिसाने सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. त्याने दारातच तिच्यावर दोन ओळी म्हटल्या, तेव्हा माझी मुलगी सना ओरडली, “अब्बा, he’s saying you married above your level!” नफिसाला ते तिथल्या तिथे पटलं.

जेवणानंतर बोलता बोलता मी त्याला आमच्या रत्नागिरीकडच्या जाखडीचं सांगितलं. दोन पार्ट्या समोरासमोर, ढोलकी, घुंगरू. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत जवाब द्यायचा, आणि मधूनमधून एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढायची. आमच्या मोहल्ल्यातली माणसंही शेजारच्या वाडीत जाऊन पहाटेपर्यंत बसायची. एल्डन ताडकन उठून उभा राहिला. “तुमच्याकडे असं आहे? आणि तू मला इतके दिवस तांदूळ दाखवत बसलास?”

मग डायनिंग टेबलाची ढोलकी झाली. लहानपणी ऐकलेल्या चालीवर मी माझ्याच मनाचा एक सवाल मराठीत टाकला: एवढ्या लांबचा पाहुणा आणि माझ्या घरचा रस्सा वाटीभर कसा प्यायला? त्याने इंग्रजीत जवाब दिला. मला त्याचा अर्धा कळला, त्याला माझा एक शब्दही नाही. पण ठेका एकदाही चुकला नाही. नफिसा हसून हसून खुर्चीत कलंडली. मी आयुष्यात चारचौघांत गायलो तो तेवढाच.

हॉटेलवर परत सोडताना गाडीत तो मांडीवर बोटांनी तोच ठेका धरून होता. मग म्हणाला, “आज मला जवाब मिळाला. तिथे मी भिंतीसमोर गातो.”

त्याच थंडीत त्याच्या बहिणीचा फोन आला. आईने अंथरूण धरलं होतं, ती रोज त्याचं नाव घेत होती. एल्डन बत्रांकडे सुट्टी मागायला गेला. बत्रा म्हणाले, “सीझन के बाद, इन्शाल्ला.” बाहेर येऊन तो मला म्हणाला, “हनीफभाई, तू इन्शाल्ला म्हणतोस तेव्हा मला भरवसा वाटतो. तो म्हणतो तेव्हा माझे पाय गार पडतात.”

त्याच आठवड्यात हॉटेलचा वाढदिवस होता. लॉनवर टेबलं मांडलेली, पाहुणे भरगच्च, बत्रासाहेब सूट घालून पुढच्या रांगेत. एल्डनच्या कार्यक्रमात एक ठरलेला भाग असायचा: पाहुण्यांनी एक शब्द द्यायचा, त्याने त्यावर तिथल्या तिथे गाणं रचायचं. एका गोऱ्या बाईने हात वर करून शब्द दिला, “सुट्टी!”

मी बारच्या पाठीमागे बर्फाचे डबे उतरवून घेत होतो. माझे हात थांबले. एल्डनने क्षणभर डोळे मिटले आणि गिटार छेडली. मला आठवतं ते आपल्या भाषेत सांगायचं तर असं होतं:

“पाहुण्यांची सुट्टी सरते, उन्हात भाजून पाठ,
मॅनेजरची सुट्टी म्हणजे लंडनमधला थाट,
सगळ्यांत लांब सुट्टीवर आहे पासपोर्ट माझा, बाई,
तिजोरीत गार झोपलाय, त्याला परतायची नाही घाई!”

आता काय होतंय या भीतीने मी बत्रांकडे पाहिलं. आणि लॉनवर हशा उसळला. लोक टाळ्या पिटत उठले, ‘पासपोर्ट, पासपोर्ट’ करत नाचू लागले. पुढची कडवी आणखी धारदार होती. त्यात आजारी आई होती, तिचं हाक मारणं होतं. चाल इतकी गोड होती की लोक त्यावरही नाचले. बत्रासाहेब पोट धरून हसत होते.

संपल्यावर त्यांनी एल्डनच्या पाठीवर थाप मारली. “हबीबी, क्या आइटम है! अब से रोज गाना.”

एल्डन किचनच्या मागच्या पायरीवर येऊन बसला. मी पाणी दिलं, ते त्याने तसंच हातात धरून ठेवलं. “माझ्या गावात असं गाणं म्हटलं असतं तर त्या माणसाला बाजारातून मान वर करून चालता आलं नसतं,” तो म्हणाला. “आणि इथे ते नाचले, हनीफभाई.”

त्यानंतर रोज संध्याकाळी पाहुणे तेच गाणं मागायचे. स्वतःचं गाऱ्हाणं तो रोज फुलाफुलांचा शर्ट घालून गायचा आणि लोक रोज नाचायचे. त्याने सकाळच्या ओळी रचणं बंद केलं. खिडकीशी येऊन नुसता म्हणायचा, “आलं.”

एके दिवशी दुपारी रिसेप्शनवर फोन आला. आई गेली होती.

बत्रा म्हणाले, वाईट झालं, पण आता जाऊन काय उपयोग? त्या संध्याकाळी एल्डन वेळेवर स्टेजवर चढला. शर्ट घातला होता, टोपी घातली होती. स्टुलावर बसला, गिटार मांडीवर ठेवली आणि गप्प राहिला. कुणीतरी ओरडलं, “हॉलिडे साँग!” त्याने मान लववली आणि तसाच बसून राहिला. लोकांना वाटलं ही गंमत आहे. थोड्या वेळाने टेबलं रिकामी व्हायला लागली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. बत्रांनी दम दिला, पगार थांबवला, मला मधे घातलं. “हनीफभाई, समझाओ इसको. पागल हो गया है.” मी गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मी ड्युटीवर आहे. वेळेवर येतो, वेळेवर उठतो. काँट्रॅक्टात माझं शरीर आहे, ते त्यांना देतोय.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तू यात पडू नकोस. तुला सना आहे.”

गाणाऱ्या माणसाचं गप्प बसणं इतकं जड असतं हे मी तेव्हा पाहिलं. पाहुणे अस्वस्थ व्हायचे, बायका जागा बदलून घ्यायच्या. एका म्हाताऱ्या जोडप्याने रिसेप्शनवर विचारलं, “त्या माणसाला तुम्ही काय केलंत?” त्या गाण्याने जे कुणाला विचारायला लावलं नव्हतं, ते त्याच्या गप्प बसण्याने लावलं. महिना उलटायच्या आत बत्रांनी त्याचा व्हिसा कॅन्सल केला. पुन्हा या देशात कामाला यायचं नाही, असा शिक्काही मारून घेतला.

एअरपोर्टवर मी गेलो होतो. पासपोर्ट हॉटेलच्या पीआरओच्या, म्हणजे व्हिसाची कामं बघणाऱ्या माणसाच्या, खिशात होता, तो त्याने काउंटरपाशीच दिला. एल्डनने उघडून आपला फोटो पाहिला. “हा पोरगा कोण?” एवढंच म्हणाला. मला घट्ट मिठी मारली आणि आत गेला. गाणं मी मागितलं नाही, त्यानेही म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी, कार्निव्हल उलटून गेल्यावर, स्टोअरमधला फोन वाजला. पलीकडे समुद्रासारखी खरखर, आणि मग तो. घसा मोकळा होता.

“गायलास का रे?” मी विचारलं.

“गायलो. तंबूत. पहिल्याच फेरीत बाद!” तो हसला. “बत्रावरच म्हटलं. तेच गाणं, पण चाल बदलली. कुणी नाचलं नाही, हनीफभाई. सगळे बसून ऐकत होते. एका बाईने डोळ्यांना पदर लावला.” तिकडे पदर नसतो हे मला ठाऊक आहे, त्याचं इंग्रजी मी असंच ऐकलं. “आता आमच्या गल्लीतली शाळेची पोरंही बत्राला नावानिशी ओळखतात. मला विचारतात, त्याची तिजोरी अजून बंद आहे का?”

एवढ्यात दारात बत्रासाहेब उभे राहिले. टिश्यूचे बॉक्स संपले होते म्हणून हाका मारत होते. “अरे हनीफभाई, यल्ला, जल्दी!”

मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हटलं, “साहेब, जरा बाहेर थांबा. महत्त्वाचा फोन आहे.”