दुसरा नंबर रिकामा ठेव

बायको गेली आणि पोरानं मला त्याच्या तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. गुडघे जिना उतरू देत नाहीत. डालग्याखाली झाकलेल्या कोंबडीगत दिवस जातो. बोलायला एक सून, आणि तिचं डोकं लॅपटॉपात.

आमच्या विणकर समाजाची पुस्तिका निघते. घराघरातली माणसं, नंबर घालून. कर्ता पहिला, त्याची बायको दुसरी, मग पोरं. या खेपेला ते काम सुनेकडं आलं. तिनं हौसेनं आमचं घर दाखवलं. एक, मी. दोन, पोरगा. तीन, ती स्वतः.

"दोन नंबर तुझ्या सासूचा हाय," मी म्हणालो. "पोरगा तीन."

"मामा, आत्याबाई फाईलीत आहेतच की. पण छापायचे फक्त हयात लोक."

"मग पोरगा वर कसा सरकला?"

तिनं समजावलं. फाईल एक्सएमएलची म्हणे. पेठेत घर, घरात माणूस, एकाच्या पोटात एक. त्यातनं छापायचं पान करताना मशीन आधी हयात तेवढे निवडतं आणि त्या निवडलेल्यांत कोण कितवा ते सांगतं. मूळ घरात कितवा, ते वेगळं विचारावं लागतं.

"मग विचार की!"

"विचारते. ज्याच्या त्याच्या आधी घरात, गेलेली धरून, किती माणसं आहेत ते मोजायला लावायचं. पण एकानंतर थेट तीन येईल. लोक म्हणतील, सुनेला आकडे येत नाहीत."

"म्हणू देत. तिची जागा मी कुणाला देणार न्हाय. पोराला बी न्हाय."

तिनं एक ओळ बदलली. एक, तीन, चार. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग तिनं पान खाली सरकवलं. नियम सगळ्या घरांना लागला होता. शेजारच्या घरात एक, दोन, चार. तिथला तिसरा म्हणजे त्यांचा तरणा पोरगा, औंदाच गेला. त्याची आई रोज दारात येऊन विचारते, पुस्तिका कधी येणार म्हणून. उघडली की तिला आधी ती मोकळी जागाच टोचणार.

"आपल्या घरापुरतंच करता येतं?" मी विचारलं.

"येतं. पण मामा, त्या काकूंनी विचारलं, तुमच्याच माणसाची जागा राखली का, तर मी काय सांगू?"

मी उठलो, दारापर्यंत गेलो, कडीला हात लावला. जाणार कुटं? माघारी येऊन बसलो.

"घे पोराला वर," म्हणालो, आणि तिचं होईपर्यंत भिंतीकडं बघत राहिलो.